पाटी कोणाची?

गरीब मुलाच्या हाती संगणक द्यावा, याला कोणाची हरकत असणार? माझीही नाही. माझे भांडण आहे ते देणाऱ्याच्या दुसऱ्या हाताशी.

एमआयटीचे प्राध्यापक निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी २००५ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही नफा न घेणारी संस्था काढली. शंभर डॉलरांत मुलाचा संगणक, हा त्यांचा संकल्प. त्याची थट्टा करणाऱ्यांतला मी नव्हे. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या लहानशा गावच्या शाळेतही ही यंत्रे आली होती.

पण संस्थेच्या पंगतीला कोण बसले होते, ते पाहा. यंत्रातला प्रोसेसर एएमडी कंपनीचा. आणि संस्थेच्या पहिल्या देणगीदारांतही हीच एएमडी! तिची प्रतिस्पर्धी इंटेल ‘क्लासमेट’ नावाचे आपले स्वस्त यंत्र घेऊन त्याच गिऱ्हाइकांच्या, म्हणजे गरीब देशांच्या सरकारांच्या, दारी उभी. जुलै २००७ मध्ये इंटेलही संस्थेच्या मंडळावर येऊन बसली, आणि जानेवारी २००८ मध्ये उठून गेली. संस्था म्हणाली, तुमचे विक्रेते आमच्या यंत्राची निंदा करतात. कंपनी म्हणाली, तुम्ही आम्हांला आमचे यंत्र सोडायला सांगता. अवघ्या सहा महिन्यांचा संसार! त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या विंडोजलाही या यंत्रात जागा मिळाली. मुलाने यंत्राचे पोट उघडून पाहावे, म्हणून मुक्त प्रणालीचा आग्रह धरणारी हीच ती संस्था.

या साऱ्या वादात गुरुजी कोठे होते? पेरू देशाने अशी आठ लाखांवर यंत्रे वाटली. आंतर-अमेरिकन विकास बँकेचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या गणितात आणि भाषेत त्याला काही फरक आढळला नाही. हे पाप एकट्या कंपन्यांचे, असे मी म्हणणार नाही. परंतु जेथे यंत्र विकणाराच मंडळावर बसतो, तेथे किती यंत्रे खपली हे मोजले जाते; किती मुले शिकली, याची चौकशी मागाहून.

‘मग पैसा आणायचा कोठून?’ हा प्रश्न मला ठरलेला आहे. कंपन्यांकडूनच आणा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितलेच आहे. त्यांत उपकार कसला? विहीर बांधणाऱ्याचे नाव शिळेवर जरूर कोरावे. मात्र पाण्याची पाळी ठरवण्याचा हक्क त्याला देऊ नये. जो यंत्र विकतो, त्याने यंत्र निवडणाऱ्यांत बसू नये. एवढेच माझे मागणे आहे, आणि तेवढेच कोणी मान्य करीत नाही.

गेल्या वर्षी एका जिल्हा परिषद शाळेत देणगीतला संगणक-कक्ष पाहिला. दारावर देणाऱ्या कंपनीची भली थोरली पाटी. मी गुरुजींना म्हटले, “हे सारे देण्याआधी तुम्हांला काही विचारले का हो?”

“विचारले ना,” गुरुजी म्हणाले. “पाटी कुठे लावू, ते विचारले.”