कार्बनचा जकातनाका
1 जानेवारी 2026 पासून युरोपीय संघाने सीमेवर कार्बनशुल्क लागू केले. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते बनवताना किती कार्बन वायू हवेत गेला, त्याचे पैसे आता मोजावे लागतील. यातून नटबोल्टही सुटलेले नाहीत. पुण्या-नाशकाकडून युरोपला बोल्ट धाडणाऱ्या लघुउद्योजकाकडे मजबुतीच्या दाखल्यासोबत आणखी एक हिशेब मागितला जातो: यातले पोलाद कुठल्या भट्टीत, कोणत्या इंधनावर तयार झाले? शुल्क भरणार तिथला आयातदार. भाव मात्र पाडून मागणार इथल्या कारखानदाराकडे.

दीड-दोन शतके कोळसा जाळून गब्बर झालेल्यांनी आपली शिकवणी घ्यावी, हे खटकतेच. पण आपले बहुतांश पोलाद आजही कोळशावरच बनते, हेही खरे. निर्यातदार देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर युरोप तेवढी वजावट देतो. मग हा पैसा ब्रुसेल्सच्या तिजोरीत का जाऊ द्यायचा? केंद्राने 2023 साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ती तातडीने पूर्ण कार्यान्वित करावी आणि त्यातला पैसा छोट्या कारखान्यांच्या भट्ट्या बदलण्यासाठी राखून ठेवावा.