किनारा आला म्हणून उतरायलाच हवे का?

आपल्या मराठवाड्यातला माणूस कामाशिवाय गाव सोडत नाही. लग्नाला जाईल, मौतीला जाईल, दवाखान्यासाठी लातूर-हैदराबाद करील, कोर्टाच्या तारखेला धावेल, आषाढीला पंढरपूर गाठील. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तर अर्धा जन्म परमुलखात जातो. पण नुसते बसायला, काहीही न करायला पदरचे पैसे खर्चून जायचे, ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. म्हणून आम्ही दोघे जहाजाने फिरायला निघालो आहोत असे मी नायगावात सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "कशासाठी?" आणि दुसरा, "तिकडं कोणता देव आहे?"

प्रश्न चुकीचे नव्हते. आमच्या लेखी पाणी म्हणजे गोदावरी, तीही विष्णुपुरीला अडवलेली. समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. पण 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर 'अंग्रिया' निघाली, 2021 मध्ये मुंबईहून 'एम्प्रेस' हे मोठे जहाज सुरू झाले, आणि क्रूझ हा शब्द हळूहळू आमच्या निवृत्त मंडळींच्या सकाळच्या फेरीतही येऊन बसला. आम्ही मात्र जुन्या धाटणीचा प्रवास निवडला. कोचीहून लक्षद्वीप. रात्री जहाज चालते, सकाळी एखाद्या बेटाशी उभे राहते, दिवसभर बेटावर फिरायचे, संध्याकाळी परत जहाजावर. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे.

या प्रवासाची खरी गंमत सकाळी सातला कळते. बेट दिसू लागते, ध्वनिक्षेपकावरून सूचना होते, आणि रात्री लाटा बघत शांत बसलेली माणसे एकदम एसटी लागल्यासारखी उठतात. पिशव्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, "अगं चल लवकर", "पहिल्या बोटीत जागा धरा". दोन दिवस आराम करायचा म्हणून आलेल्या माणसाला पुन्हा काम मिळाल्याचा कोण आनंद!

बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला एक भाषा चांगली कळते, वसुलीची. मार्च जवळ आला की जीप काढून गावोगाव फिरायचे, हे मी वर्षानुवर्षे केले. जहाजावरच्या त्या धावपळीत मला तीच मार्चअखेर दिसली. एवढे पैसे भरलेत, मग सगळे बघून घेतले पाहिजे! या हिशेबाला खातेवहीत आधार नाही. तिकिटाचे पैसे ज्या दिवशी भरले, त्याच दिवशी ते खाते बंद झाले. तुम्ही उतरलात तरी ते परत येत नाहीत, न उतरलात तरी जास्तीचे कापले जात नाहीत. शिल्लक उरतो तो फक्त आजचा दिवस आणि तुमचे गुडघे. गेलेल्या पैशांची वसुली पायांकडून करायची नसते.

आणि गुडघ्यांचा विषय साधा नाही. ही प्रवाळाची बेटे. भोवती उथळ पाण्याचे तळे आणि त्याच्या कडेला प्रवाळाची रांग. मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माणसांना लहान बोटीत उतरावे लागते. खाली बोट वरखाली होत असते. खलाशी हात धरतात, पण पाऊल आपल्यालाच टाकायचे असते.

कवरत्तीला आम्ही दोघे उतरलो. दुसऱ्या दिवशी कल्पेनी आले तेव्हा सौभाग्यवती डेकवरच्या खुर्चीतून हलेना.

"तुम्ही जाऊन या. मी इथंच बसते."

"बरं वाटत नाही का?"

"चांगलं वाटतंय म्हणून तर बसते. सकाळपासून मला कुणी काही मागितलं नाही."

या वाक्यावर वाचक भगिनींनी, आणि विशेषतः त्यांच्या यजमानांनी, जरा थांबावे. चाळीस वर्षे या बाईने माझ्या बदल्यांमागे संसार हलवला. सासू-सासऱ्यांची आजारपणे काढली, उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा सांभाळल्या. तिने प्रवास केले नाहीत असे नाही. पण प्रत्येक प्रवासात डबा तिचा, पाण्याची बाटली तिची, औषधांची पिशवी तिची. जिथे चहासुद्धा दुसरा कुणी करून आणतो आणि समोर नुसते निळे पाणी आहे, अशी जागा तिला पहिल्यांदाच मिळाली होती. तिच्यासाठी ती खुर्ची हेच बेट होते.

मी एकटा बोटीत उतरलो तेव्हा बरोबरच्या मंडळींनी काळजीने विचारले, "भांडण झालं का?" आपल्याकडे नवरा-बायकोने वेगवेगळा दिवस घालवायचा, तर भांडण तरी हवे किंवा आजार तरी. दोघांची इच्छा त्या दिवशी वेगळी असू शकते, हे कारण आपल्याला पुरत नाही.

न उतरण्याची ही चैन नवी आहे, हेही ध्यानात घ्यावे. कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी चालत, तेव्हा कितीतरी बंदरांत ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पोरेबाळे, वळकट्या, ट्रंका घेऊन पडावात उतरत. उतरावे की नाही, हा प्रश्नच नव्हता. किनाऱ्यावर घर होते. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना फक्त घरी जायचे होते. त्या माणसांना किनारा ही गरज होती. आपल्याला तो निवडता येतो. मग ती निवड घाईने का उरकायची?

म्हणजे जहाजावरच बसून राहावे, असे माझे म्हणणे आहे का? मुळीच नाही. जहाजावर बसून राहण्यातही एक धोका आहे. गार खोली, भरलेले ताट, खिडकीतून दिसणारे सुंदर बेट. चार दिवसांत असे वाटू लागते की ते बेट आपल्यासाठीच तिथे मांडून ठेवले आहे. तिथे माणसे राहतात, हे विसरायला होते.

मिनिकॉयला पारडे फिरले. माझा गुडघा धरला होता, आणि सौभाग्यवती म्हणाली, "आज तुम्ही बसा, मी जाते." ती गेली. तिथला 1885 सालचा दीपस्तंभ तिने लांबूनच पाहिला, पण एका घराच्या अंगणात दोन बायकांशेजारी तासभर बसून आली. तिथली भाषा महल, हिची मराठी. संध्याकाळी मी विचारले, काय बोललात? म्हणाली, "पाण्याचं विचारलं. विहीर दाखवली त्यांनी. हाताच्या अंतरावर पाणी, पण जास्त उपसलं तर खारं होतं म्हणे."

मराठवाड्याच्या बाईने दुसरे काय विचारावे! या बेटांवर नदी नाही. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते, तेवढीच ठेव. म्हणून 2005 साली कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर पिण्याचे पाणी करणारा प्रकल्प उभारला गेला. पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची वाफ करायची आणि खोलातल्या थंड पाण्याच्या साह्याने ती निववायची, अशी त्याची रीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना एक लाख लिटर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अशा बेटावर आपण शेकड्यांनी उतरतो. तिथे गेल्यावर पाय धुवायला नळ सोडून ठेवणारा पाहुणा कोणत्या गावाला आवडेल?

जगभर हा प्रश्न पडू लागला आहे. जहाजांच्या गर्दीला कंटाळलेल्या व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यात मोठी जहाजे आणायला इटली सरकारने 2021 मध्ये बंदी घातली. एका वेळी हजारो माणसे उतरवायची, चार तासांनी गोळा करायची, याला भेट म्हणत नाहीत.

म्हणून उतरायचे तर पाहुण्यासारखे उतरावे. एकच रस्ता चालावा, पण कुणाच्या तरी अंगणापर्यंत जावे. आपले पाणी आपण न्यावे, कचरा परत आणावा. तेवढे मन त्या दिवशी नसेल, तर खुशाल डेकवर बसावे. आपण न गेल्याने बेटाचे काही बिघडत नाही. फक्त भीतीपोटी बसू नये आणि वसुलीपोटी उतरू नये. आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने दोघांच्या वतीने उत्तर देण्याआधी शेजारच्या खुर्चीला एकदा विचारावे. उत्तर आले, की त्यावर "का?" असे मात्र विचारू नये.