पुढचा भाग कोणाच्या सांगण्यावरून?

प्रतिनिधी, मुंबई

डेन्मार्कमधील आयओ इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीचा 'हिटमॅन २' हा गेम १३ नोव्हेंबर २०१८ रोजी बाजारात आला, तेव्हा त्यातील एक संपूर्ण मोहीम मुंबईत घडत होती. दाटीवाटीची वस्ती, चाळी, कपडे धुण्याचे ठिकाण, रेल्वेचे यार्ड आणि शेजारी अर्धवट बांधलेला टॉवर. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहताना पाहिलेल्या परळ-लालबागकरांना हे चित्र अनोळखी वाटू नये. मात्र या गेमचे महत्त्व तेवढेच नाही. पुढचा भाग बनविताना कंपनी चाहत्यांचे किती ऐकते आणि कोठे कान बंद करते, हे या मालिकेत ठळकपणे दिसते.

२०१६ चा 'हिटमॅन' हप्त्याहप्त्याने आला होता. मार्चमध्ये पॅरिस, तर शेवटचे होक्काइडो ऑक्टोबरअखेर. पैसे आधी मोजायचे आणि खेळ महिनोन्‌महिने वाट पाहून पुरा करायचा, हे अनेकांना रुचले नाही. त्यातच मे २०१७ मध्ये स्क्वेअर एनिक्स या मालक कंपनीने अंग काढून घेतले. जूनमध्ये आयओ 'हिटमॅन'च्या हक्कांसह स्वतंत्र झाली. एकाच मालिकेवर उभ्या असलेल्या कंपनीला जुना ग्राहक दुखावणे परवडणारे नव्हते.

दुसरा भाग म्हणूनच एकदम, पूर्ण स्वरूपात आला. बंदूक लपवून नेण्याची चाहत्यांची लाडकी ब्रीफकेस परतली. गर्दीत मिसळून लपण्याची सोय झाली. पहिल्या भागातील मोरोक्को वा इटलीचे लोक अमेरिकी धाटणीचे इंग्रजी बोलत, ही थट्टेची बाब झाली होती. मुंबईच्या मोहिमेतील पात्रांच्या तोंडी भारतीय वळणाचे इंग्रजी आले.

एका तक्रारीला मात्र दाद मिळाली नाही. एकट्याने खेळायच्या या गेममध्येही प्रगतीची नोंद आणि नवी हत्यारे मिळण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये पहिला भाग 'जीओजी' या दुकानात आला. कोणतेही कुलूप नसलेले गेम विकणे हीच या दुकानाची ओळख. ग्राहकांनी निकृष्ट गुणांचा भडिमार केला आणि ऑक्टोबरमध्ये गेम तेथून मागे घेतला गेला. दुकान नमले; सर्व्हरची अट कायम राहिली.

यातील भेद उघड आहे. ब्रीफकेस दिल्याने विक्री वाढते. सर्व्हरची अट काढल्यास ताबा जातो. पहिल्या प्रकारची मागणी कंपन्या आनंदाने ऐकतात. दुसरीसाठी ग्राहकाला झगडावे लागते. हा झगडा निष्फळच ठरतो असे नाही. युबिसॉफ्टने २०१४ च्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि विकत घेतलेला गेम निरुपयोगी झाला. त्यावरून संताप उसळला. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये 'द क्रू २'ला इंटरनेटविना चालण्याची सोय देण्याचे कंपनीला जाहीर करावे लागले.

महाराष्ट्रातही या नात्याचा एक नमुना आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. त्याच्या देखणेपणाचे कौतुक झाले, पण हाणामारीचा ओबडधोबडपणा आणि अकस्मात संपणारी कथा खटकली. छोट्या कंपनीने पुढच्या भागाची वाट न पाहता २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती काढली. हाणामारी सफाईदार केली, हिंदी संवाद घातले. पुढच्या भागाची घोषणा त्यानंतर, २०२५ मध्ये झाली.

दादरच्या शिवाजी मंदिरात प्रेक्षकांचा नूर पाहून नाटकाचा पुढचा प्रयोग बदलतो. पण पाहिलेला प्रयोग कोणी परत मागत नाही. गेमच्या बाबतीत तशी हमी उरलेली नाही. पुढच्या भागात काय हवे, हे सांगताना मुंबईतील ग्राहकाने म्हणूनच आणखी एक मागणी जोडली पाहिजे: आज घेतलेला भाग उद्याही चालला पाहिजे.