डोंगल आणि दंडुका

माझ्या टेबलाच्या खणात एक मेलेलं डोंगल आहे. काड्यापेटीएवढं, सीपीयूच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. ते लावल्याशिवाय मराठी अक्षर उमटायचं नाही, हे माझ्या पिढीच्या डीटीपीवाल्यांना वेगळं सांगायला नको. सांगलीत ऐन लग्नसराईत एका वळवाच्या रात्री वीज कडाडली आणि ते गेलं. कंपनी म्हणाली, पूर्ण किंमत भरून नवीन घ्या. इकडे पत्रिका अडकलेल्या, एका सेवानिवृत्त मास्तरांचा गौरव अंक अडकलेला. मजकूर माझ्याच बोटांनी टाइप केलेला, पण दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडला की नुसता चिन्हांचा भुसा. फॉन्टचं कोडिंग कंपनीचं खासगी ना! शेजारचा पोरगा म्हणाला, "दादा, क्रॅक टाकू का? दहा मिनिटांचं काम." टाकला.

कॉपीराइट कायद्यातलं कलम 63ब मी त्यानंतर वाचलं. प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस कैद, कमाल तीन वर्षं, शिवाय किमान 50 हजार दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं; माझा तर धंदाच. पैसे मोजून घेतलेलं कुलूप स्वतःच फोडणं यात बसतं का, यावर वकील मित्र तासभर बोलला आणि चहा पिऊन गेला. याच कायद्याच्या लेखी प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राखलेली. डोंगल आठ वर्षंही टिकलं नाही.

माझे वडील शेतकरी नेते शरद जोशींच्या संघटनेचे, छातीला लाल बिल्ला लावून फिरणारे. कुठलंही दुखणं असो, यात सरकारचा हात किती, हे आधी बघायचं, ही त्यांची सवय माझ्यातही उतरली. उसाला तेव्हा झोनबंदी होती. आपला ऊस आपण हव्या त्या कारखान्याला घालू शकत नव्हतो. माझ्या अक्षरांचीही तीच गत. फरक इतकाच की कुलूप खासगी आणि कुलपामागचा दंडुका सरकारी. कंपनीने कुलूप खुशाल घालावं, विकत घेतलेलं मी खुशाल उघडावं. भांडण झालंच तर दिवाणी कोर्टात करू. त्यात पोलीस कशाला?

मुक्त सॉफ्टवेअरवाले माझे मित्र इथवर माना डोलावतात, मग म्हणतात, सरकारने ते सगळीकडे सक्तीचं करावं. इथे आमचं फाटतं. ज्याला दंडुका द्याल तो उद्या दुसऱ्याच्या बाजूने तो फिरवील. केंद्राने 2015 साली स्वतःच्या कार्यालयांसाठी ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण आणलं, ते मला मान्य आहे. दुकान आवडलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. तहसील कचेरी आवडली नाही म्हणून दुसरीत जाता येत नाही. तिथली फाइल कुणालाही उघडता आलीच पाहिजे. माझ्या दुकानात काय चालवायचं ते मात्र मी ठरवीन.

मित्रांना न आवडणारी आणखी एक गोष्ट. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक स्टॉलमन यांच्या 1989 च्या जीपीएल परवान्याचा जोरही कॉपीराइटवरच आहे. घेतलेला कोड बदलून वाटलात तर तोही खुला ठेवा, ही अट मोडणाऱ्याला कोर्टात खेचता येतं ते त्याच कायद्याने. कॉपीराइट उद्या गेला तर तो परवानाही गेला. मी तेवढा सौदा करायला तयार आहे, ते नाहीत.

सरकारने काही न देण्यातही स्वातंत्र्य असतं. 2004 च्या अखेरीस अध्यादेशाने सॉफ्टवेअर पेटंटांना दार किलकिलं केलं होतं, 2005 मध्ये संसदेने ती तरतूद गाळली. त्यासाठी ना नवं खातं लागलं, ना निरीक्षक.

परवा एका पोराने फुकट वाटलेला कन्व्हर्टर मिळाला. मास्तरांचा गौरव अंक युनिकोडमध्ये उघडला. फक्त 'ऱ्या' जागोजाग तुटला होता. तो दुरुस्त करत रात्री अकरापर्यंत बसलो.