पेटी कशाने बांधावी?

जुन्या ग्रंथांच्या जतनाबद्दल आपल्याकडे आता बरेच बोलले जाते. वाळवी, दमट हवा, आम्लरहित पुठ्ठा यांची चर्चा होते. ग्रंथासाठी केलेली पेटी बंद कशाने करायची, हा प्रश्न मात्र किरकोळ मानून बाइंडरवर सोपवला जातो. वास्तविक पेटीचा सर्वाधिक हाताळला जाणारा आणि म्हणूनच बहुधा सर्वांत आधी निकामी होणारा भाग तोच असतो.

१८९५ साली सुरू झालेल्या 'मनोरंजन'सारख्या मासिकाचा एखादा जुना खंड डोळ्यांसमोर आणावा. त्या काळात लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात येत होता. असा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, त्याचे काठ नुसत्या हाताळण्याने तुटतात. त्याच्या पेटीला रबरबँड लावला, तर उन्हाळ्यांमागून उन्हाळे सोसून रबर चिकट होते आणि शेवटी कडक होऊन तुटते. लोखंडी आकडी किनारपट्टीच्या हवेत गंजते आणि गंजाचा डाग आत उतरतो. लोहचुंबक दिसतो नेटका, परंतु तो पुठ्ठ्यात पुरलेला असल्याने निखळला की दुरुस्ती अवघड. वेल्क्रोचे नायलॉनी आकडे टिकाऊ असतात, हे मान्य. पण पट्टी ज्या गोंदाने चिकटवलेली असते तो उष्णतेने सुटतो. शिवाय उघडताना द्यावा लागणारा हिसका ठिसूळ पानांना सोसत नाही.

या सर्वांहून साधी सुती नाडी मला श्रेयस्कर वाटते. १९६६ साली आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्समधील ग्रंथसंपदेची अपरिमित हानी झाली. तेथील बचावकार्यात अनुभव घेतलेल्या पीटर वॉटर्स यांच्या नेतृत्वाखाली पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पुठ्ठ्याच्या साध्या पेट्यांची पद्धत रूढ झाली. त्या पेट्या बटणाभोवती दोरी गुंडाळून बंद करीत. आपल्याकडे पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून, बासनात गुंडाळून दोरीने बांधण्याची रीत तर कितीतरी जुनी. पेशवे दफ्तरातले कागदही रुमालांतच बांधलेले. या बांधणीचा गुण असा, की दाब हवा तेवढाच देता येतो, धातू कागदाजवळ येत नाही आणि दोरी झिजली तर मूळ वस्तूला धक्का न लावता बदलता येते.

नाडी बांधायला वेळ लागतो, घाईत ती तशीच लोंबत राहते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे एका ओढीत सुटणारी सुरगाठ, आणि ती मारायला ग्रंथालयातील प्रत्येकाला शिकवणे. नाडी रुंद आणि बिनरंगी असावी. सरकारी फायलींची लाल फीत ओल लागली की रंग सोडते. पेटी चपखल बसत असेल, तर साध्या कापडी बांधणीच्या पुस्तकाला काहीच बांधले नाही तरी चालते. चामड्याच्या जुन्या बांधण्या मात्र हवेनुसार वाकतात. त्यांना हलका दाब हवाच.

'बासनात गुंडाळणे' याचा अर्थ आपल्या भाषेत विसरून जाणे असा झाला आहे. जतनाच्या नावाखाली आपण नेमके तेच करू नये. जी पेटी उघडायचा ग्रंथपालाला कंटाळा किंवा धसका वाटेल, तिच्यातला खंड विद्यार्थ्याच्या हाती पडणार नाही. म्हणून पेट्यांची मागणी नोंदवताना बाइंडरला एवढे जरूर विचारावे, की हे बंधन तुटले तर आमच्या ग्रंथालयातला शिपाई ते बदलू शकेल काय?