गोधडी कुणाच्या नावावर?

'गटातील अकरा महिला ऑनलाइन झाल्या.' हे वाक्य एका प्रकल्प अहवालात मीच लिहिलं होतं. मैत्रिणींनो, आज मला ते मागे घ्यायचं आहे.

मी काम करते त्या वस्तीतल्या बायका जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. प्रकल्पातून त्यांचा माल एका विक्रीच्या संकेतस्थळावर चढवला. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. दोन महिने गेले, एकही मागणी आली नाही. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "ताई, जगाला दिसतेय म्हणता, मग मला तरी दाखवा माझी गोधडी." आम्ही सर्च इंजिनवर शोधायला बसलो. आधी 'प्रायोजित', म्हणजे पैसे भरून वर आलेल्या दुकानांच्या रजया. त्याखाली गोधडीची नक्षी छापलेल्या कारखान्यातल्या चादरी. मावशींची गोधडी कुठेच नव्हती.

प्रशिक्षकांना विचारलं, तर उत्तर तयार होतं: "बायकांनी कीवर्ड नीट शिकायला हवेत." म्हणजे पुन्हा दोष बाईचाच! बरं, शिकवलं काय? पानामागे भरायच्या कीवर्डच्या याद्या. क्रम लावताना अशा याद्या आपण विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ साली जाहीर केलं होतं.

मग आम्हीच मुळापासून तपासलं. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट', दोन टिंबं आणि जागा न सोडता पानाचा पत्ता टाकला की इंजिनने त्या पानाची नोंद घेतली आहे का, याचा अंदाज येतो. नोंदच नसेल तर शब्द कितीही बदला, पान दिसणार नाही. मावशींच्या पानाची नोंद होती. मग अडलं कुठे? शीर्षक होतं 'मल्टिकलर ब्लँकेट'. गोधडी नाही, वाकळ नाही, हातशिलाई नाही, गाव नाही, लांबी-रुंदी नाही. वस्तूचं नावच पुसलं, तर त्या नावाने ती सापडणार कशी? शीर्षक बदलायचं ठरलं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. खातं पुतण्याच्या मोबाइल क्रमांकावर, ओटीपी त्याच्याकडे, बँकेचा तपशीलही त्याचाच. स्वतःच्या गोधडीचं नाव बदलायला मावशींना पुतण्याच्या सवडीची वाट पाहावी लागली.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? बाई दिवसभर शेतात राबते आणि नोंद होते 'घरकाम'. यावर स्त्री चळवळीने आणि अभ्यासकांनी आवाज उठवला, तेव्हा १९९१च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या उद्योगातलं बिनमोबदल्याचं काम धरावं, असं स्पष्ट लिहिलं गेलं. प्रश्नाचे शब्द बदलावे लागले, कारण आधीच्या शब्दांत बाईचं काम मावत नव्हतं. आज तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्यावर आला आहे.

काही कार्यकर्त्या म्हणतील, "पोरांना जमतं, करू दे त्यांना." पोरांनी मदत जरूर करावी. पण मदत करणारा आणि मालक यांत फरक आहे. सातबाऱ्याच्या बाबतीत आपण हे मान्य केलं नाही, मग इथे का करायचं?

म्हणून माझं म्हणणं असं: खातं, ओटीपी आणि बँक बाईच्याच नावावर असल्याशिवाय 'ऑनलाइन' हा शब्द अहवालात येऊ नये. शीर्षकात तिचा शब्द हवा, देवनागरीत आणि रोमन लिपीतही, कारण गिऱ्हाईक दोन्हींत शोधतं. आपला माल दिसतो का, हे गटाने दर महिन्याला तपासावं, तेही दुसऱ्याच्या फोनवर. कारण ठिकाण आणि आधीचे शोध यांनुसार निकाल बदलतात, आपल्या फोनवर दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं असं नव्हे. आणि फोटो, वर्णन, गिऱ्हाइकांना उत्तरं यांत जाणारे तास गोधडीच्या किमतीत धरले जावेत. नाहीतर चूल आणि सुई सांभाळून ही तिसरी पाळी तिने फुकट करायची!

एवढं करूनही पैसेवाला वर राहीलच. त्याच्याशी वेगळं भांडावं लागेल. पण निदान भांडताना गोधडी आपल्या नावावर असेल.