कॉफी वीस जणांची, होस्ट गायब!

नव्या फ्लॅटच्या पार्टीला ऑफिसची वीस डोकी आली. जेवण झक्कास झालं आणि कुणीतरी म्हणालं, 'कॉफी होऊन जाऊ दे!' झालं. चार कपांचं पातेलं, पाच खेपा. शेवटचा ट्रे घेऊन मी बाहेर आले, तर निम्मी मंडळी चपला घालतेय. आपल्याच पार्टीला आपण गैरहजर!

आता मी फिल्टर कॉफीच करते, तीही आदल्या रात्री. स्टीलच्या फिल्टरमध्ये चिकोरीवाली पावडर हलकेच दाबायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि खुशाल झोपायचं. (दुसरा फिल्टर शेजारच्या काकूंचा.) १०० मिलीचे वीस कप म्हणजे दोन लिटर. त्यात अर्धा लिटर डिकॉक्शन, त्याला साधारण १०० ग्रॅम पावडर. बाकी दीड लिटर दूध. डिकॉक्शन उकळायचं नाही, कडवट होतं. कडकडीत तापवायचं ते दूध. थर्मास आधी गरम पाण्याने विसळा. साखर वेगळी, कुणीतरी डाएटवर असतंच. जायफळ आईच्या कॉफीत, इथे नको. आणि सारखे वीस कप कुणाकडे असतात? स्टीलचे पेले काढा बिनधास्त.

शनिवारी पुन्हा तीच गँग येतेय. थर्मास टेबलावर, मी सोफ्यावर.